पडद्याआडून आलेले दूध

साठीच्या दशकात, होळीच्या थोडे आधी, एका सकाळी पालघर स्टेशनावर दूध पाठवणाऱ्या सगळ्या गावांतल्या सगळ्या म्हशींना कासेचा एकच रोग झाला. आदल्या दिवशी त्यांतल्या एकीलाही काही झालेले नव्हते. हे ज्यांनी शोधून काढले ते माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे माझे आतोबा. त्याची बातमी मी दिली. मी तेव्हा एका जिल्हा साप्ताहिकाचा पालघरचा वार्ताहर होतो.

आतोबांइतका निःपक्षपाती माणूस मी पाहिलेला नाही. बातमीदारीमुळे माझे न्यायालयात, कचेरीत आणि पंचायतीत जाणे-येणे होते, तेव्हा हे विधान मी विचार करून करतो आहे. एका माणसाच्या निःपक्षपातीपणाने एवढा घोटाळा झाल्याचे दुसरे उदाहरणही माझ्याजवळ नाही.

ते जनावरांचे डॉक्टर होते, पण नुसते डॉक्टर म्हटलेले त्यांना चालत नसे. सरकारने त्यांना गुरांचे रोग आणि दुधाची प्रत यांवर संशोधन करण्यासाठी पालघरला नेमले होते. नेमताना संशोधनाला जागा लागते हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. शेवटी स्टेशनाजवळची गवताची एक रिकामी वखार मिळाली. तिच्यात टेबल, काचेच्या नळ्या, दूधमापक आणि आतोबा अशी मांडामांड झाली आणि दारावर ‘प्रयोगशाळा’ अशी पाटी लागली. गवताचे व्यापारी मात्र शेवटपर्यंत तिला वखारच म्हणत. आतोबांच्या कपड्यांना कायम वाळल्या गवताचा वास येई, आणि आमच्या गल्लीतली मोकाट गुरे त्यांच्यामागून घरापर्यंत येत. ही माझ्यावरची श्रद्धा आहे, असे आतोबा म्हणत.

माणसे त्यांना फारशी दिसत नसत. भेटलेल्या माणसाकडे ते जनावर तपासावे तसे पाहत आणि मग विसरून जात. माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला मुलगा आला, तेव्हा वडीलधारे म्हणून आतोबांना बसवले होते. मुलाचे शिक्षण, नोकरी, घरची माणसे याबद्दल त्यांनी एक अक्षर विचारले नाही. मुलगा हात धुवायला उठला तशी त्यांनी त्याची चाल पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, “डावा मागचा पाय किंचित टाकतो. बाकी जनावर चांगलं आहे.” मुलाच्या वडिलांनी, डावा पाय लहानपणी मोडला होता, असे कबूल केले. लग्न झाले. तो जावई आजही आतोबांसमोर चालत नाही, बसूनच राहतो.

दूध दिसले की ते तपासायचे, हा त्यांचा श्वास होता. दूधमापक ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवत, आणि काळी ताटली पिशवीत. ही ताटली म्हणजे एनॅमलची, आतून काळीभोर. दुधात कासेच्या रोगाची बारीकशी गुठळी असली तर पांढऱ्यावर दिसत नाही, काळ्यावर दिसते. लग्नाच्या पंगतीत बासुंदी आली की वाढप्याला थांबवून ते आधी ताटली पुढे करत. एकदा देवळात अभिषेकाच्या दुधात त्यांनी मापक सोडले. गुरवाने विचारले, “काय म्हनतो डॉक्टर, दूध?” आतोबांनी निकाल दिला, “देवाला चालेल. माणसाला नाही.”

तारापूरकडे अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू झाले होते आणि तिकडच्या वसाहतीत डब्यातल्या पावडरीचे दूध येऊ लागले होते. कोणीतरी हौसेने त्यातला एक डबा आतोबांना आणून दिला. त्यांनी ते दूध कालवून दिवसभर तपासले, आणि संध्याकाळी खिन्न चेहऱ्याने म्हणाले, “यात दोष सापडत नाही. म्हणजे हे दूध नव्हे.” किनाऱ्यावरच्या दांडी गावातल्या एका घरच्या म्हशीच्या दुधाला बोंबलाचा वास येतो अशी तक्रार आली, तेव्हा ते स्वतः गेले. म्हैस वलणीवरचे सुके बोंबील ओढून खाते, हे त्यांनी तासाभरात शोधले आणि वलणीला कुंपण घालण्याची शिफारस केली. घरची म्हातारी म्हणाली, “म्हस एक नि बोंबील हजार. कुपन म्हशीला घाल ना बाबा, बोंबलाला कशाला?” आतोबांनी हा मुद्दाही अहवालात नोंदवला. हा त्यांचा मोठा गुण होता. विरुद्ध बाजूचे म्हणणे ते नेहमी नोंदवत. फक्त पटवून घेत नसत.

आता निःपक्षपातीपणाकडे येतो. मुंबईला जाणारे दूध गाडीत चढण्याआधी आतोबांनी तपासावे, असा हुकूम त्या होळीआधीच्या पावसाळ्यात निघाला. पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आले की समोर कोण उभा आहे हे दिसले तर तपासनीसाच्या मनावर परिणाम होतो. हसऱ्या माणसाचे दूध चांगले वाटते, तंबाखू खाणाऱ्याचे पातळ वाटते. हा शास्त्राला कलंक होता. म्हणून त्यांनी वखारीच्या मधोमध गोणपाटाचा पडदा लावला आणि पडद्याकडे पाठ करून खुर्ची ठेवली. पडद्याला हात जाईल एवढे भोक पाडले. दूधवाल्याने पलीकडून आपल्या गावाचे नाव सांगायचे, नमुन्याची बाटली भोकातून आत सरकवायची, निकाल ऐकायचा आणि बाटली परत घ्यायची. आतोबा मागे वळून पाहत नसत. कोणी “राम राम डॉक्टर” म्हटले तरी ते उत्तर देत, “फक्त गावाचं नाव.”

पडद्याच्या पलीकडे काय चालले आहे हे स्टेशनावरच्या हमालांना, चहावाल्याला, तिकीटबाबूंना आणि गवताच्या व्यापाऱ्यांना आठवड्याभरात कळले. माझ्या कानावरही आले होते. पण छापायचे तर एक तरी माणूस नावानिशी बोलायला हवा होता, आणि तसा कोणी तयार नव्हता. दूधवाल्यांचा म्होरक्या रघू याने पहिल्या दोन दिवसांत नापास झाल्यावर सर्वांना जमवून तोडगा काढला होता. माकुणसारला कमळाबाई म्हणून एक बाई होती. पानवेलीची लहानशी वाडी आणि चिमणी नावाची एक म्हैस, एवढा तिचा संसार. चिमणी नावाला चिमणी. दारातून आत घ्यायची तर दोन्ही बाजूंचे खांब हलत. तिचे दूध घट्ट, पिवळसर, नंबर एकचे. कमळाबाईने रोज सकाळच्या गाडीने चिमणीच्या दुधाची एक किटली पालघरला पाठवायची आणि बदल्यात दूधवाल्यांनी तिच्या पानांच्या करंड्या आपल्या कॅनांबरोबर मुंबईला चढवून द्यायच्या, असे ठरले. ती किटली रांगेत फिरे. प्रत्येक जण आपापल्या गावाचे नाव सांगून त्याच किटलीतले दूध आत सरकवी. कॅनमध्ये जे होते ते गाडीने मुंबईला जाई. त्याची तपासणी कोणीच करत नसे, कारण ते तपासून झालेले होते.

आतोबा चकित होत गेले. गाव कोणतेही असो, म्हैस कोणत्याही जातीची असो, डोंगरावर चरणारी असो की किनाऱ्यावर, दुधाची प्रत तीच, स्निग्धांश तोच, चवसुद्धा तीच. पावसाळा गेला, हिवाळा आला, तरी तीच. असे जगात कुठे घडलेले त्यांनी वाचले नव्हते. ते रात्री जेवताना आत्याला सांगत, “हे गवतामुळे आहे. इथल्या गवतात काहीतरी आहे.” आत्या म्हणे, “अहो, आपल्या घरी येतं ते दूध तर पाण्यासारखं असतं.” आतोबा म्हणत, “तो तुझा अनुभव झाला. माझ्याकडे नमुने आहेत.” घरी दूध घालणारा रघूच होता.

त्यांनी निबंध लिहिला. पालघरच्या गवतामुळे दुधाला समान गुण येतात, असे त्यात सिद्ध केले होते. मुंबईचे वरिष्ठ खूश झाले. गवताच्या व्यापाऱ्यांना इंग्रजी निबंध कळला नाही, पण मथळ्यातला गवत हा शब्द कोणीतरी सांगितला आणि त्यांनी आतोबांचा जाहीर सत्कार केला. सत्काराला दूधवालेही आले होते. रघूने हार घातला. आतोबांनी त्याला ओळखले नाही, आवाज ऐकला तेव्हा मात्र म्हणाले, “तुम्ही रोजचेच का?”

आणि मग होळीच्या आधीची ती सकाळ उजाडली. पहिली बाटली आत आली. आतोबांनी काळ्या ताटलीवर दूध ओतले आणि त्यावर मोहरीएवढ्या गुठळ्या दिसल्या. दुधाची चव खारट होती. त्यांनी त्या गावाचे दूध थांबवले. दुसरी बाटली आली, तीतही गुठळ्या. तिसरी, चौथी, रांग संपेपर्यंत सगळ्या गावांचे तेच. पडद्याआडून मला आतोबांचा आवाज ऐकू आला, “साथ आहे!” त्या आवाजात भीती होती, आणि तितकाच आनंदही होता. मी तिथेच उभा होतो म्हणून खात्रीने सांगतो.

दूध गाडीत चढले नाही. त्याच दुपारपासून आतोबा गावोगाव फिरून म्हशी तपासू लागले. इथे त्यांना पहिल्यापेक्षा मोठा धक्का बसला. एकाही म्हशीची कास सुजलेली नव्हती. म्हशी आंबोण खात होत्या, रवंथ करत होत्या, आतोबांना लाथा मारत होत्या. दूध रोगी आणि जनावर निरोगी! घरी आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले. “बातमीदार, हा नवा रोग आहे. लक्षण जनावरात नाही, फक्त दुधात आहे. अजून कोणी पाहिलेला नाही.” हे त्यांनी मला तीनदा सांगितले. निवृत्ती जवळ आलेल्या, उभा जन्म वखारीत काढलेल्या माणसाला आपल्या हातून एक रोग जगाला कळणार असे वाटले, तर तो तीनदा सांगणारच. मुंबईला तार गेली. वरिष्ठ स्वतः येतो म्हणाले.

त्या दिवसांत पालघरने दुधाचे जे जे करता येते ते सगळे केले. बासुंदी झाली, पेढे झाले, दह्याचे डेरे भरले. शेवटी पाहुण्याने पाणी मागितले तरी ताक मिळू लागले. दूधवाल्यांची बैठक रोज बसे. खरे सांगितले तर दुधात घातलेले पाणी उघडे पडते, न सांगितले तर बंदी उठत नाही. चिमणीच्या कासेत बिघाड आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळले होते. त्यांनी कमळाबाईला शपथ घातली होती की डॉक्टरचे नाव काढायचे नाही. त्या भागात डॉक्टर एकच होता, आणि तो नेमका नसलेल्या रोगाच्या मागे फिरत होता.

वरिष्ठ आले त्या दिवशी वखार झाडून घेतली होती. भिंतीवर तालुक्याचा नकाशा होता आणि प्रत्येक गावावर लाल ठिपका होता. दूधवाले साक्षीदार म्हणून भिंतीला टेकून उभे होते. आतोबा छडी घेऊन नकाशासमोर उभे राहिले आणि बोलू लागले. इतके चांगले बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. वरिष्ठांनी मान डोलावली. रोगाला पालघरचे नाव द्यावे की संशोधकाचे, असा प्रश्न त्यांनीच काढला. आतोबांनी तोंड उघडले, आणि नेमके तेव्हाच दारात एक बाई येऊन उभी राहिली. नऊवारी खोचलेली, पायांवर धूळ.

“डाक्टर कोन?” तिने विचारले.

रघू पुढे झाला. “काकी, तू घरी जा. मोठे साहेब आलेत.”

“मोठे आलेत म्हनूनच आले. तुमच्या शपथेचा आता पुरे. चिमणी कालपासून चारा नाय खात. कास दगडासारकी झाली.”

आतोबांनी छडी खाली केली. “तुमचं गाव?”

“माकुणसार.”

“माकुणसारचा नमुना आमच्याकडे येत नाही.”

“येतो. रोज येतो. या सगल्यांचा म्हनून जो येतो तो माजाच. यांच्या म्हशींना काय झाला नाय, डाक्टर. माजी म्हस मरतेय.”

रघू छपराकडे पाहत होता. वरिष्ठांनी, “म्हणजे काय?” असे दोनदा विचारले. आतोबांनी नकाशाकडे पाहिले, सगळ्या लाल ठिपक्यांकडे. मग वळून भिंतीला टेकलेल्या दूधवाल्यांकडे पाहिले, एकेकाच्या चेहऱ्याकडे, सावकाश. त्यांना काय कळले आणि किती वेळात कळले, हे चेहऱ्यावरून सांगता येत नव्हते. ते कमळाबाईला म्हणाले, “कुठलं सड?”

“मागचा डावा. आता बाजूचा पन गरम लागतो.”

त्यांनी छडी टेबलावर ठेवली, कपाटातून औषधांची पिशवी काढली आणि काळी ताटली तिच्यात टाकली. वरिष्ठ म्हणाले, “डॉक्टर, अहो, आपल्या निबंधाचं काय?”

“निबंधाला ताप नाही, साहेब,” आतोबा म्हणाले आणि बाहेर पडले.

गाडीला वेळ होता. बाहेर गवताचा एक ट्रक रिकामा होऊन उभा होता, त्यात आम्ही चढलो. आतोबा, कमळाबाई, मी, आणि न बोलावता चढलेले सगळे दूधवाले. रस्ता वाईट होता, ट्रकच्या फळीला धरून बसलेल्या रघूला आतोबांनी विचारले, “पाणी किती घालता?”

रघू म्हणाला, “साहेब, मधे गोनपाट धरा. तोंडावर खोटा बोलवत नाय, नि खरा तर त्याहून बोलवत नाय.”

कमळाबाई एवढ्या काळजीतही हसली. आतोबा हसले नाहीत. त्यांनी विचारले, “तुम्ही कोण? गाव मला ठाऊक आहे. तुमचं नाव विचारतोय.” रघूने नाव सांगितले. आतोबांनी मग प्रत्येकाला नाव विचारले.

चिमणी मान टाकून बसली होती. आतोबा तिच्याशेजारी जमिनीवर बसले, कोट काढून पेंढ्यावर टाकला आणि कासेला हात लावला. ज्या म्हशीच्या दुधावर त्यांनी निबंध लिहिला होता ती त्यांनी प्रथमच पाहिली. पहिल्या धारा त्यांनी काळ्या ताटलीत घेतल्या. धार कसली, पिवळे पाणी आणि गाठी. त्यांनी रघूला पाणी तापवायला सांगितले, दुसऱ्याला शेकायची फडकी, तिसऱ्याला म्हशीचे डोके धरायला. सडातून औषध घातले, दर थोड्या वेळाने कास रिकामी केली, पुन्हा शेकले. कमळाबाई म्हशीच्या कानाशी एकसारखी बोलत होती, “ऊठ गो बाय, अशी काय करतेस, ऊठ.” आतोबाही काही पुटपुटत होते, मला वाटले औषधांची नावे असावीत. जवळ गेलो तेव्हा तेही, “ऊठ गं, ऊठ,” एवढेच म्हणत होते.

ते तीन दिवस माकुणसारला राहिले. चिमणी वाचली. मागचे डावे सड कायमचे आटले.

परत आल्यावर आतोबांनी निबंध मागे घेत असल्याचे आणि साथ मुळात नव्हतीच असे मुंबईला कळवले. उत्तर आले की मंजूर झालेला निबंध मागे घेण्याची तरतूद नाही. साथीची नोंद झालेली असल्यामुळे ती नव्हती असेही म्हणता येणार नाही. आता मात्र एकही जनावर आजारी नाही, त्याअर्थी ती आटोक्यात आली असली पाहिजे. एवढी मोठी साथ आठवड्याभरात, एकही जनावर न दगावता आटोक्यात आणल्याबद्दल आतोबांना प्रशस्तिपत्र मिळाले. त्यांनी ते परत पाठवले. ते पुन्हा आले, या वेळी चौकटीत बसवून. साथ नव्हती ही बातमी मी साप्ताहिकाला पाठवली. संपादकांचे म्हणणे पडले की जे घडले नाही त्याला जागा देता येत नाही.

गोणपाट आतोबांनी काढून टाकले आणि खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून बसू लागले. पहिल्या दिवशी सगळी गावे नापास झाली. दूधवाले म्हणत, “पाठ करून बसायचे तेव्हा बरे होते, आता बघतात आणि म्हशीचे नाव विचारतात.” त्यानंतर पाणी बंद झाले असे मी लिहू शकत नाही. कमी झाले, याला आत्याचा दुजोरा आहे.

निवृत्तीनंतरही ते पालघरलाच राहिले. चिमणी व्याली की कमळाबाई पहिल्या दुधाची, चिकाची, किटली पाठवी. किटली तीच होती, आणि आणणारा रघूच. आतोबा त्याला नावाने हाक मारून बसवत आणि मग चीक काळ्या ताटलीवर ओतून नीट पाहत, उजेडाकडे धरून. कमळाबाईला हे माहीत होते. तिचा निरोप असे, “तपासून घ्या म्हनावं, राग नाय.”

चिमणीच्या शेवटच्या वेताचा चीक आला त्या दिवशी मी तिथे होतो. तिने तो तीन सडांचा दिला होता. आत्याने तपासायला थोडा चीक बाजूला ठेवून बाकीच्याचा खरवस केला, वड्या पाडल्या, आणि सवयीने खुंटीवरची काळी ताटली काढून आतोबांच्या हाताशी ठेवली. आतोबांनी रघूला विचारले, “चारा खाते ना?” रघू म्हणाला, “खाते.”

आतोबांनी एक वडी उचलली आणि खाल्ली. ताटली कोरडीच राहिली. आत्याने ती उचलून परत खुंटीला लावली.